बुरशीला ऊन दाखवताना

“पोतं कोणं टाकलं हे? अरे, काऊन टाकलं?” गच्चीवरून आलेला तो आवाज इतका प्रखर होता, की वेणा नदीच्या कोरड्या पात्रातली वाळू दचकून वीतभर बाजूला सरकली, हे मी आजही शपथेवर सांगतो. ओरडत होती माझी शेजारीण नलूताई. रोज हिंगणघाटहून एसटीने वर्ध्याला जाऊन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, प्रमाण मराठीची इस्त्री कधी न मोडणारी नलूताई आयुष्यात प्रथमच ओरडत होती, आणि तेही अस्सल वऱ्हाडीत.

एरवी ती म्हणजे दुपारच्या निश्चल प्रकाशात वाकलेली एक कृश रेषा. डाव्या तळव्याची कपाळावर धरलेली सावली आणि उजव्या हातातला चिमटा. आमच्याकडे मे महिन्यात कावळेसुद्धा विटून पारव्याच्या रंगाचे होतात, मी पाहिलेत. अशा उन्हात घरोघरी गाद्यांना, गव्हाला, लोणच्याच्या बरण्यांना बुरशी लागू नये म्हणून ऊन दाखवतात. ही बाई मात्र प्रत्यक्ष बुरशीलाच ऊन दाखवत होती. टिनाच्या छपरांवरून, देवळाच्या कळसावरून खरवडून आणलेली कोळशासारखी काळी बुरशी आणि तिचीच रंग हरवलेली फिकी बहीण, अशा दोघींचे कोरडे कण तिने काचपट्ट्यांवर पसरले होते. दर आठवड्याला एकेक पट्टी ती बटाट्याच्या पेजेत निजवून, कणांत जीव उरला आहे का, ते पाही. फिकी दुसऱ्याच आठवड्यात कायमची निजली. काळी दर वेळी जागी होई. नलूताईचे म्हणणे एवढेच, की तो काळिमा म्हणजे मळ नव्हे, कवच आहे; तो तेज स्वतःत मुरवतो आणि आतला जीव राखतो. परदेशातल्या एका फुटलेल्या अणुभट्टीच्या भिंतींवर, जिथे माणसाला घटकाभरही उभे राहवत नाही, तिथे काळी बुरशी सुखाने नांदते, असे तिने कुठेसे वाचले, तेव्हा दूरच्या आप्ताची खुशाली कळावी तसा तिचा चेहरा उजळला होता.

चाळीस दिवसांचे ऊन हवे होते. तिच्या पीएचडीच्या प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झाली होती; हा उन्हाळा अखेरचा.

तिचे वडील, बाबा, कापसाचे जुने दलाल. डोळे मिटून नुसत्या बोटांनी धाग्याची लांबी सांगत. “लोकं गाय पाळते, आमच्या पोरीनं बुरा पाळला,” असे ते, बुरशीला आमच्याकडचा शब्द वापरून, ओसरीवरून अख्ख्या गल्लीला ऐकवत, आणि मीही, “ताई, औंदा बुऱ्याचं पीक कसं हाय?” म्हणून तेल ओतत असे.

सदतिसाव्या दिवशी ती परीक्षेच्या कामाहून परतली, तो काचपट्ट्यांवर पाण्याने निथळणारे पोते. त्या ओलाव्यात काळी आणि फिकी फुगून एकमेकींत मिसळल्या होत्या. पुन्हा मांडायला मे महिना उरला नव्हता. संशय अर्थातच माझ्यावर आला, आणि माझी ख्याती पाहता तो गैर नव्हता. ओरडून झाल्यावर ती तापलेल्या कठड्याला टेकून बसली.

प्रबंध त्या वर्षी गेला नाही, पुढेही गेला नाही. बाबा आता नाहीत. त्या गच्चीवर कुणी काही वाळत घालत नाही. स्मृतीचेही बहुधा त्या कणांसारखेच असते: उजळ दिवस काळाच्या उन्हात विरून जातात, आणि काळवंडलेला एखादाच तग धरतो. त्या संध्याकाळी मी निर्दोषत्व सिद्ध करायला त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो. बाबा मांडी घालून जेवत होते, आणि वाढता वाढता नलूताईला त्यांच्या तळपायांवरचे टपोरे फोड दिसले. अनवाणी चढले होते, भर दुपारी, भरली बादली घेऊन.

“बाबा, तुम्ही?” ती एवढेच म्हणाली.

बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

“ऊन लागून राह्यलं होतं त्याईले.”