मागची सीट

“चाबी दे,” श्यामकांत म्हणाला. विनोदिनीला वाटलं, झालं, आता हा आपली स्कूटर बंद करणार.

कारणही तसंच होतं. तिच्या डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये भलतंच निघालं होतं, मेंदूत पांढरे ठिपके. त्यांचा डोकेदुखीशी संबंध नाही, पण मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात ठिपके असेच दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. पुढेमागे नजर अंधुक होईल, पाय लुळे पडतील, नाहीतर जन्मभर काहीच होणार नाही. “अभी इसको बीमारी नहीं बोलेंगे. गाड़ी चलाइए, काम कीजिए. छह महीने बाद फिर देखेंगे.” म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

लग्नापासून सदर बाजारच्या गर्दीतून नवऱ्याला ऑफिसात सोडणारी तीच. लहानपणी सायकलवरून आपटलेल्या श्यामकांतने पुन्हा हँडलला हात लावला नव्हता. मांडीवर डबा आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो मागे बसे. वाटेवरच्या बूढापारा मोहल्ल्यातला पानवाला रोज चिडवी, तर हा खुशाल हसे.

“काहून चाबी? डॉक्टरनं चालवू नको म्हटलं काय?”

“तू चालव ना. पन मले शिकव.”

“आता? या वयात?” मग तिला उमगलं आणि ती भडकली. “माहे पाय धड आहेत! तुम्ही आतापासूनच तयारी करून राहिले?”

श्यामकांत खाली बघत राहिला. “उद्या तुले मागं बसावं वाटलं, तं समोर कोनी पाहिजे ना वं.”

तिने चाबी त्याच्या हातावर ठेवली.

रविवारी मैदानावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर असा पिळला की गाडीने उडीच मारली. क्रिकेट खेळणारे पोट्टे फिदीफिदी हसले. ती ओरडली, मग समजावू लागली, पुन्हा ओरडली. उन्हं वर आल्यावर एकदाची एक फेरी न पडता पुरी झाली.

“बस मागं,” तो म्हणाला.

ती बसली. पाय कुठे ठेवायचे तेही तिला सुचेना. गाडी इतकी हळू निघाली की एक सायकलवाले आजोबा पुढे निघून गेले. श्यामकांतची मान घामाने भिजली होती.

“भेव लागते काय?” तिने विचारलं.

“हव.”

“मलेही,” ती म्हणाली. रिपोर्ट आल्यापासून हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

वळण आलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.