फटी बुजवल्या त्या दिवशी

शुवैखच्या गॅरेजला कामावर गेलेला तिचा नवरा रियाज तासाभरातच परत आला, तेव्हा असमा कणीक मळत होती.

"काय विसरलात?"

"काही नाही. सुट्टी! गाड्यांच्या रेडिएटरात पाणी गोठलंय. एक इंजिन तडकलं, तेव्हा फोरमन म्हणाला, जा घरी." त्याने हातातलं ताट पुढे केलं. गच्चीवरच्या टाकीतून काढलेला बर्फाचा पापुद्रा होता तो, खिडकीच्या काचेएवढा जाड. गल्लीतल्या गाड्यांच्या टपांवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीतला तो चौसष्ट सालचा जानेवारी होता आणि घरातल्या कोणीही असलं काही आधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई, फखरुन्निसा, सुरैयाच्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांपूर्वी बोटीने कोकणातून आल्या होत्या. त्यांनी बर्फाला बोट लावून पटकन मागे घेतलं.

"वाळवंटात बरफ! गावात सांगितला तर कोणाला खरा वाटूचा नाय."

"अम्मा, थोडा बांधून न्या गावाला," रियाज म्हणाला.

"तुज्या जिभेवर ठेव, जरा गप बसशील."

सुरैया, असमाची धाकटी जाऊ, आतल्या खोलीत बाजेवर होती. कुशीत बारा दिवसांची सईदा. सुरैयाचा नवरा कमाल दूर मंगफ गावाला कामाला होता, गुरुवारी संध्याकाळी घरी येई. त्या खोलीची खिडकी उत्तरेला होती आणि तिच्या चौकटीतून वारा शिट्टी घालत आत येत होता. घासलेटचा हीटर कालच रिकामा झाला होता.

"आज सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं," असमा म्हणाली. "सुट्टी आहेच, तर घर नीट लावून घेऊ."

असमा रत्नागिरीच्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकली होती. तिला काम क्रमाने करायची सवय होती. मेणबत्ती पेटवून ती खिडकीच्या कडेने फिरवली, ज्योत जिथे हलली तिथे पेन्सिलीने खूण केली. मैद्याची खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि एकेक फट बुजवली. छताजवळच्या झरोक्यावर पुठ्ठा चिकटवला. मग रियाजने आणि तिने मिळून कपाट सरकवून खिडकीसमोर उभं केलं. गॅलरीत गारठणारी पितळी भांडी ट्रंकेत भरली आणि ट्रंक आतल्या खोलीत आणली. शेवटी तिने पुन्हा मेणबत्ती फिरवली. ज्योत सरळ उभी राहिली.

"आता बघा," ती म्हणाली. स्वतःच्या कामावर अशी खूश ती क्वचितच होई.

साडेअकराला रियाज घासलेटचा डबा घेऊन बाहेर पडला. रांग लांब असणार, हे ठरलेलंच होतं. सासूबाईंनी गॅलरीत कोळसे फुलवले, शेगडी आणून बाजेखाली सरकवली आणि वर ओवा टाकला. बाळंतिणीचा शेक सकाळ-दुपार चालूच होता, गेले दहा दिवस.

"आज जास्त कोळसे घातलेत, अम्मा?"

"आज थंडी जास्त, म्हणून कोळसे जास्त. यात कसला शिक्षण लागतंय?"

सुरैया हसली. "भाबी, तुम्ही काही बोलू नका. आज पहिल्यांदा माझे पाय गरम झालेत."

असमा बराच वेळ तिथेच बाळाच्या लंगोट्या दुमडत बसली. साडेबाराच्या सुमारास तिचं डोकं दुखू लागलं. सकाळपासून चहा झाला नव्हता, त्याचंच असेल. पुढच्या खोलीतलं फडताळ अजून लावायचं होतं, म्हणून ती उठली. आतल्या खोलीच्या दाराची कडी झिजली होती, वाऱ्याने दार आत ढकललं जाई.

"मी गेले की ट्रंक दाराला लावा, अम्मा. आणि खाली गोधडीची गुंडाळी."

पुढच्या खोलीत बोटं बधिर करणारी थंडी होती. तिने डाळींचे डबे पुसले, कागद बदलले. आतून सासूबाईंच्या तस्बीहच्या माळेचे मणी टकटक ऐकू येत होते. चहा करायचा राहूनच गेला.

कॅलेंडरवर ती सईदाच्या दुधाच्या वेळा लिहून ठेवी. दहा वाजताची नोंद होती, पुढची वेळ एकची होती. घड्याळात एक चाळीस झाले होते. सईदा दहा मिनिटंसुद्धा थांबणारी नव्हती, भूक लागली की सगळी इमारत गोळा करायची. ऊब मिळाली म्हणून झोपली असेल, असमाला वाटलं. तिने पुढचा डबा उचलला.

मण्यांचा आवाज येत नव्हता. कधी थांबला, ते तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपलं डोकं दुखायचं थांबलंय. चहा तर घेतलाच नव्हता. आत दुखत होतं, बाहेर थांबलं. थंडीत डोकं दुखायचं का थांबावं? डबा हातातच राहिला. तिने वर पाहिलं. वर काँक्रीटचा सपाट स्लॅब होता. गावाकडच्या बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस शेगडी असायची आणि कोणाला कधी काही झालं नव्हतं, पण तिथे वर कौलं होती, कौलांतून आभाळ दिसायचं. इथे दहा दिवस खिडकीच्या फटी होत्या. आज त्या फटी मेणबत्ती घेऊन तिने स्वतः शोधून बुजवल्या होत्या. बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या त्या विषारी वायूचं नाव तिने परीक्षेत लिहिलं होतं. रंग नाही, वास नाही.

डबा पडला. डाळ जमिनीवर पसरली.

"अम्मा! दार उघडा!"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, जड. "ओरडू नको... पोर निजलाय."

"ट्रंक बाजूला करा! शेगडी बाहेर काढा!"

"शेक व्हायचा हाय अजून..." मग थोडं थांबून, "उठवत नाय गो मना. पाय येत नायत."

असमाने दाराला खांदा लावला. दार दोन बोटं सरकलं आणि ट्रंकेला अडलं. सगळं पितळ तिनेच त्यात भरलं होतं. दोन खोल्यांमधली बोळ अरुंद होती. ती खाली बसली, पाठ समोरच्या भिंतीला टेकवली, दोन्ही पाय दारावर ठेवले आणि ताठ झाली. ट्रंक किरकिरत एक वीत मागे गेली. तिने पुन्हा जोर लावला. आणखी चार बोटं. श्वास रोखून ती आत घुसली.

सुरैया बाजेच्या कडेवरून ओकली होती, डोळे अर्धे मिटलेले. असमाने आधी सईदाला उचललं. मान लुळी पडत होती. तिला पुढच्या खोलीत नेलं, गॅलरीचं दार उघडलं आणि दाराशी गोधडीवर ठेवलं. पुन्हा आत. पदर हाताभोवती गुंडाळून शेगडी उचलली, पदर जळला, मग तळवा. शेगडी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला फेकली. मग सुरैयाला काखेत धरून ओढलं. शेवटी सासूबाईंना. त्या भिंतीला धरून रांगत येत होत्या.

"बारा दिसांचा पोर... थंडीत टाकलास? मारशील तिला!"

असमाने सईदाच्या तळपायांवर टिचकी मारली. एकदा, दोनदा. पोट हलत होतं, पण फार थोडं. तिने गॅलरीत ठेवलेल्या सकाळच्या बर्फावर बोट घासून पायाला लावलं आणि पुन्हा टिचकी मारली. सुरैया भिंतीशी बसून म्हणत होती, "रडत का नाही ती? भाबी, रडत का नाही?"

सईदाने तोंड वाकडं केलं. मग आवाज न होता ओठ थरथरले. मग ती रडली, आधी बारीक, मग नेहमीसारखी, सगळी इमारत गोळा करणारी.

सुरैयाने हात पुढे केले. असमाने बाळ दिलं आणि भाजलेल्या तळव्याभोवती फडकं गुंडाळलं.

डबा घेऊन रियाज आला तेव्हा गॅलरीचं दार सताड उघडं होतं, जमिनीवर डाळ, आतल्या खोलीच्या दाराशी आडवी ट्रंक. त्याने हाताला फडकं गुंडाळलेल्या बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"हे काय? सकाळची सगळी मेहनत..."

"गाडी आण आधी," फखरुन्निसा म्हणाल्या. "या तिघींना डाक्टराला दाखवूचा हाय. बाकीचा मागाहून विचार."

तो धावत खाली गेला. सासूबाई भिंत धरून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथे उभ्या राहून त्यांनी छताकडे पाहिलं.

"हय कवला नायत," त्या म्हणाल्या. "माज्या ध्यानातच नाय आला."

"मला तर यायलाच हवं होतं, अम्मा," असमा म्हणाली. "मी शिकले होते ते."

सासूबाई आत गेल्या. कोपऱ्यातल्या काठीचं टोक झरोक्यावरच्या पुठ्ठ्याला लावलं. पहिल्या वेळी निसटलं. दुसऱ्या वेळी पुठ्ठा फाटला आणि खोलीत वारा आला.