फोशानमध्ये विश्वजितच्या टाचा

कुपवाडला विश्वजितचं पत्रे वाकवायचं वर्कशॉप होतं. नवं मशीन बघायला तो चीनमधल्या फोशानला निघाला, तेव्हा शेजारच्या शेडातल्या लालासाहेबांनी त्याला टपरीवर गाठलं. लालासाहेब चीनला एकदाच जाऊन आलेले, पण थाट असा, की तिथली भिंत यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली. पैसे मोबाइलवरच द्यायचे, ॲप इथूनच चालू करून जा. संडासात कागद नसतो, खिशात ठेव. गार पाणी मागू नको, गरमच मिळतं. आणि हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड जवळ पाहिजे.

"रस्ता चुकलास, तर टॅक्सीवाल्याच्या नाकापुढं धर. बोलू नगंस."

विश्वजितनं सगळं पाळलं. मशीन पसंत पडलं, त्या आनंदात तो बाजारात रमला आणि मोबाइल मेला. पैसे, नकाशा, भाषांतर, सगळंच त्याच्याबरोबर गेलं. मग त्यानं टॅक्सीवाल्याच्या नाकापुढं कार्ड धरलं. टॅक्सीवाला गालात हसला.

गाडी थांबली ती पाय धुऊन देणाऱ्या दुकानापुढं. हॉटेलच्या काउंटरवरून विश्वजितनं ऐटीत उचललेलं कार्ड या दुकानाच्या जाहिरातीचं होतं.

दुकानातली बाई त्याच्या आईच्या वयाची. तिनं टॅक्सीवाल्याचे पैसे आपल्या मोबाइलवरून भागवले, विश्वजितचा मोबाइल चार्जिंगला लावला आणि त्याचे पाय गरम पाण्याच्या लाकडी टबात घातले. भेगाळलेल्या टाचा बघून ती चिनीत जे सुरू झाली, ते थांबेचना.

"आवं मावशी, दिवसभर लोखंडात हुबा असतो मी," तो म्हणाला. तिनं आणखी जोरात घासलं.

त्याला लाजल्यासारखं झालं. आजवर त्याचे पाय फक्त सासऱ्यांनी धुतले होते, लग्नात, तेही फोटोग्राफरकडे बघत.

मोबाइल जिवंत होताच पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. बायकोला काय सांगावं, हे सुचायच्या आत बाईनं मोबाइल हिसकावला आणि त्याची टाच कॅमेऱ्यापुढं धरली. पल्लवी बघतच राहिली.

"घासा, मावशी," ती म्हणाली. "मी सांगून सांगून दमले."

मग दोघी आपापल्या भाषेत त्याच्या टाचांवर बराच वेळ बोलल्या. दोघींचं सगळं पटलं. विश्वजितला कुणी विचारलं नाही. बाईचे पैसे चुकते करून तो तिनंच बोलावलेल्या टॅक्सीनं हॉटेलवर परतला.

मशीन आता कुपवाडला येऊन बसलंय. पल्लवीनं पासपोर्ट काढायला टाकलाय, आणि विश्वजित तिला कशाला म्हणून विचारत नाही.