नीराबाईंच्या हातची वाटी

नागावच्या वाडीत नीराबाई करवंटी घासायला बसल्या की शेजारणी हातातलं काम टाकून बघत राहायच्या. आधी काचेच्या तुकड्याने खरवडायचं, मग काथ्याने घासायचं आणि शेवटी खोबरेलाचा हात. नारळ फोडल्यावर जी वस्तू आपण चुलीत घालतो, तिची अशी देखणी वाटी व्हायची. वाट्या विकायचं काम सून वल्लरीचं. यंदा मुंबईच्या एका कंपनीला दिवाळीत आपल्या माणसांना याच वाट्या द्यायच्या होत्या, तळाशी कंपनीची खूण कोरून. प्लास्टिकचा कण नको आणि प्रत्येक खोक्यात बनवणाऱ्या बाईचा फोटो हवा, असं कंपनीच्या अमिषाचं म्हणणं होतं.

अमिषा फोटोवाल्याला घेऊन आली. नीराबाईंना जन्मात कुणी हसा म्हणून सांगितलं नव्हतं. आधार कार्डावर तर त्या चोरी करताना सापडल्यासारख्या दिसत. त्या दिवशी मात्र पोट धरून हसल्या. खोक्यात घालायच्या फोटोच्या कार्डावर ‘नीराबाईंच्या हातची वाटी’ असं छापायचं ठरलं. मग काय, बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. मासळीवालीपासून गुरवापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, या दिवाळीला मी मुंबईत घरोघरी जाणार हाय.

गौरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी नीराबाई पडवीत बसल्या बसल्या गेल्या. वल्लरीला रडू आवरेना. जिच्याशी हक्काने भांडावं असं घरात दुसरं कुणी नव्हतं. सुतक फिटल्यावर तिने बायकांना जमवून उरलेल्या वाट्या पुऱ्या केल्या. एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती, कार्ड सासूच्या फोटोचंच निघायला हवं.

अमिषाला कळलं तेव्हा ती फोनवर खरोखर हळहळली. मग चाचरत म्हणाली, सणाच्या भेटीत गेलेल्या माणसाचा फोटो लोकांना रुचायचा नाही. वल्लरी भांडली, विनवण्या केल्या. वरून उत्तर एकच आलं, फोटो बदला नाहीतर ऑर्डर राहू द्या. वाडीतल्या बायकांची दिवाळी त्या वाट्यांवर होती. वल्लरीने मान तुकवली. फोटोवाला पुन्हा आला आणि या खेपेला तिला हसवून गेला.

“आणि नाव?” तिने अमिषाला विचारलं.

“नाव राहू दे ना. सगळ्यांना आवडलंय ते.”

खोकी भरायच्या दिवशी कार्डं आली. नाव सासूचं, तोंड सुनेचं. वल्लरीला स्वतःचीच शिसारी आली. इतक्यात सासरे दिनानाथ चाचपडत बाहेर आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी एक कार्ड उचलून नाकाशी धरलं, उन्हाकडे फिरवलं.

“नीराचाच ना गो फोटो?”

वल्लरीच्या तोंडून ‘व्हय’ निघून गेलं.

“हसते काय त्यात?”

“हसतात, बाबा.”

म्हातारा कार्ड घेऊन खोकी भरणाऱ्या बायकांपुढे फिरला. एकेकीसमोर धरून सांगत होता, चालली आमची नीरा मुंबईला. बायका कार्डाकडे बघत, मग वल्लरीकडे, आणि खाली मान घालून पुन्हा खोक्याला लागत. शेवटी दिनानाथ गोदूआजीपुढे थांबले. ती नीराबाईंची लग्नापासूनची सोबतीण. तिने कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि पदराने डोळे पुसले.

“व्हय रे दिनानाथ,” ती म्हणाली, “अगदी तशीच हाय.”