बॉनेटवरचे पोचे

चोकची घुंडी अर्धी बाहेर आली आणि तिथंच अडली, रोज अडते तिथंच. मूळचं प्लास्टिक कधीच तुटलं. त्याजागी बानं लाटण्याचा तुकडा घासून बसवलेला, आणि इतक्या वर्षांत बोटांनी तो असा गुळगुळीत झालेला की थंडीत निसटतो. जयानं घुंडी अंगठ्यानं जरा डावीकडे दाबली, मग ओढली. सुटली. स्टार्टर गुरगुरला, थांबला. तीही थांबली. हेरल्डशी, या म्हाताऱ्या गाडीशी, घाई केली की ती रुसते, आणि एकदा रुसली की बसा मग तिच्या तोंडाकडे बघत… दुसऱ्यांदा किल्ली फिरवली तशी गाडी खोकली, सगळ्या अंगानं थरथरली आणि चालू झाली. हं. शहाणी माझी.

ओसरीवर धाकटा भाऊ, लखन, दात घासत उभा होता. त्यानं हात हलवला. निरोपाचा नव्हे, पंजा आडवा, इस्त्री फिरवल्यासारखा. म्हणजे बॉनेट विसरू नको. विसरेन कशी? नाकासमोरच तर आहे.

बॉनेटवर दोन पोचे होते. शेजारी शेजारी, डावा जरा खोल. सकाळचं तिरपं ऊन पडलं की दोन्हींत सावली साचायची. आज ते काढायचे होते. रविवारी लखनच्या पोरीचं, वर्षाचं लग्न, आणि वर्षा याच गाडीतून सासरी जाणार—तसं ती लहानपणापासून सांगत आली होती. नवरदेवाकडचे पुसदचे, शिकलेले लोक. ते विचारतील, बाई, हे काय झालं म्हणून, असं लखन म्हणाला होता. (थोरल्या बहिणीला आमच्यात बाईच म्हणतात, माझी साठी उलटली तरी लखन काकुळतीला आला की ती बाई अशी लांबवतो की समोरच्यानं विरघळावंच.) विचारतील तर सांगायचं, लिंबाची फांदी पडली. वर्षालाही तेच सांगितलेलं. पण लग्नाच्या गर्दीत एखादं म्हातारं माणूस खरं बोलून जातं, त्यापेक्षा पत्रा सरळ केलेला बरा. आणि जया हो म्हणाली. लगेच म्हणाली. काहून म्हणाली?

फुलसावंगी मागं पडलं, महागावचा रस्ता लागला. कपाशीची बोंडं फुटलेली, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या. गाडीचा आवाज ओळखून एकीनं मान वर केली. या आवाजाची दुसरी गाडी आता या भागात नाही. पूर्वी पुसदला दोन होत्या. एक बानं घेतली, तिथल्या एका डॉक्टरकडून, तांड्यातला पहिला माणूस म्हणून तो पंचायत समितीवर निवडून आला त्या वर्षी. दुसरी भंगारात गेली, आणि तिचे दिवे, आरसे, एक अख्खं दार आज हिच्या अंगावर आहे. कंपनी कधीच बंद पडली. एखादा भाग मोडला की महिना महिना शोधायचा, नाहीतर नवा घडवून घ्यायचा. पुढच्या चाकांच्या खिळ्यांना ग्रीस नाही, तेलच घालायचं, हे तिनं किती मेकॅनिकांना ओरडून सांगितलं असेल. लोक म्हणतात, मॅडम, आता सोडा हिला. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही कोणी मला म्हणालं होतं की आता आराम करा. आराम करून काय करायचं असतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

पण पोचे काढायला ती हो म्हणाली होती, हे काही गिअर बदलल्यानं मागं पडत नव्हतं.

गाडी आली त्या दिवशी आजी, रामीबाई, दारात आडवी उभी राहिली होती. आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य वाहत मुलूखभर फिरले, आणि त्या लदेणीच्या पुढं एक सोडलेला बैल चालायचा—त्याच्यावर ओझं लादायचं नाही, त्याला विकायचं नाही, तो चालेल तिकडं तांडा. आजीनं तो बैल पाहिलेला नव्हता, तिच्या आजीनं सांगितलेला होता. तर आजीनं गाडीला कुंकू लावलं आणि जाहीर केलं, हा तो. झालं! बाच्या आमदानीत त्या गाडीत कापसाचं एक बोंड चढलं नाही. पोळ्याला ती बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी राहायची, टपावर झूल, आणि गावातली पोरं हसून हसून लोळायची. बाही हसायचा. पण उभी करायचा.

म्हणून जयाच्या लग्नात तो प्रकार झाला. निघताना नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि माहेराला रडत, गात निरोप देते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. बैल दारात आणलेला होता, शिंगं रंगवलेली. आजी म्हणाली, पोर ज्याच्यावर बसून जाणार त्याच्यावरच उभी राहील. म्हाताऱ्यांनी वाद घातला. पण आजीशी वाद घालून कोण जिंकलंय? आणि जया चढली—जड घेराचा फेटिया, हातभर चुडे, पायांत वाळे, डोक्यावर ओढणीचं ओझं—बॉनेटवर, ज्याचा पत्रा माणसासाठी केलेलाच नव्हता. तिनं पहिला सूर उचलला आणि टाचांखाली पत्रा बसला. तो आवाज तिला अजून ऐकू येतो. भांडं पडल्यासारखा नव्हता. कोणीतरी घशात हुंदका गिळावा तसा. तरी ती गात राहिली.

पुढचं सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच फांदीचं निमित्त शोधावं लागलं. दिग्रसकडच्या तांड्यात तिला दिली. नवरा, शाम, वाईट नव्हता म्हणायचे लोक. हात उचलायचा, पण वाईट नव्हता. जया मास्तरकीचं शिकलेली, नोकरी लागत होती, आणि सुनेनं घराबाहेर कमवायला जायचं नाही असं सासऱ्यानं ठरवलेलं. दोन दिवाळ्या झाल्या. मग एका दुपारी हेरल्ड त्या अंगणात येऊन उभी राहिली. बा उतरलाही नाही. तिनं कोणाला निरोप दिला नाही, कोणी मागितला नाही. ती मागचं दार उघडायला लागली—बायका मागं बसायच्या, घरातली रीतच ती—तर बा म्हणाला, समोर बस. तेवढंच. सबंध रस्ताभर दुसरा शब्द नाही. ती समोर बसली, आणि काचेतून तिला तिच्याच टाचांच्या खुणा दिसत राहिल्या, घरापर्यंत.

त्याच उन्हाळ्यात बानं तिला गाडी शिकवली. त्याच उन्हाळ्यात पुसदचा पत्रेवाला म्हणाला होता, दादा, एवढे पोचे काढून देऊ? आणि बा म्हणाला, राहू दे. हे ‘राहू दे’ मी चाळीस वर्षं उलटून पालटून पाहिलं. बघत राहा तू काय केलंस ते, असं होतं का ते? लोकांनी विचारलं तर मान खाली घाल, असं? बाला विचारता आलं असतं. तो पुष्कळ जगला, शेवटी तर ओसरीवर बसून दिवसभर गाडीकडेच बघायचा. मी विचारलं नाही. भीती वाटायची, तो हो म्हणेल.

पुसदला भीमराजच्या गॅरेजपुढं सावलीत तिनं गाडी लावली. भीमराज चांगला माणूस, बोलका. बस, जीप, ट्रॅक्टर, काय वाट्टेल ते ठोकून सरळ करतो. त्यानं दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि हेरल्डचं अख्खं तोंड पुढं वाकवलं. आतून पोचे उलटे दिसत होते: दोन उंचवटे, गंज न धरलेले, कारण दर पावसाळ्याआधी ती तिथं तेलाचा बोळा फिरवायची. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. बाकी आतल्या पत्र्याला तिनं कधी तेल लावलेलं नव्हतं. तिथंच फक्त.

भीमराजनं खालून लाकडाचा ठोकळा धरून पाहिला, हातोडी निवडली. मग म्हणाला, "मॅडम, हे नेमकं काय पडलं होतं याच्यावर? तसा ठोका लावतो."

लिंबाची फांदी. शब्द तयार होते, वर्षानुवर्षं वापरून घडी पडलेले, नुसते उलगडायचे…

"मी," ती म्हणाली.

"काय?"

"मी उभी होती याच्यावर. माह्या लग्नात. हवेली गायाले."

भीमराजनं हातोडीकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि लगेच दुसरीकडे, सभ्य माणूस होता. लखनभाऊचा फोन आलता, भीमराज म्हणाला, एकदम प्लेन करून पाहिजे म्हणे. जया म्हणाली, नको ठोकू. तो म्हणाला, पण भाऊ… तेव्हा तिचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "गाडी माह्या नावावर हाये, भीमराज. अन् पोचेही माहेच हायेत. बॉनेट लाव खाली."

बोलून झाल्यावर ती वळली तर दारात वर्षा. सकाळीच एसटीनं शिंप्याकडे आली होती, ब्लाउजची पिशवी छातीशी धरून उभी, परत आत्याबरोबर गाडीतून जायचं म्हणून. तिनं सगळं ऐकलं होतं. बॉनेट खाली आलं तशी पुढं गेली आणि डाव्या पोच्यात तळहात ठेवून उभी राहिली. तिचा हात त्यात मावत होता.

तेवढ्यात लखनचा फोन. भीमराजनंच कळवलं असणार, त्याची काय चूक. लखन घरी गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत बोलतो, पण चिडला की मराठीत शिरतो, सभेत उभा राहिल्यासारखा. बाई, पोरीच्या लग्नात कायले जुनं उकरतेस?

"मी उकरून नाही राह्यली, लखन. ते वरच हाये."

पाहुण्यांनी विचारलं तर? तर माझ्याकडे पाठव, ती म्हणाली. भाऊ वाईट नाही. त्याला त्या दिवसांत शाळेत पोरं चिडवायची, बहीण परत आली म्हणून. तो मार खाऊन यायचा, देऊनही यायचा, आणि घरी सांगायचा की पडलो. त्याचीही एक फांदी होतीच की. तिला त्याची दया आली, पण माघार घ्यावीशी वाटली नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे या वयात कळावं! शेवटी लखन म्हणाला, मग मी दुसरी गाडी सांगतो. मांडवात नको. आणि फोन ठेवला. मांडवात कोण नको, गाडी की ती, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही फोन पुन्हा लावला नाही.

वर्षा समोर बसली. कोणी सांगितलं नव्हतं, बसली. पुसद सुटलं, चढ लागला. इंजिन तापायला लागलं की जया बोलत नाही, काट्याकडे बघते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. वर्षाचं लग्न, वर्षाची गाडी, वर्षाचे पाहुणे… आणि मी मधेच माझ्या टाचा घेऊन उभी. पोरगी रडत असेल तर? तिनं हळूच पाहिलं. रडत नव्हती. बॉनेटकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"आत्या," ती म्हणाली, "बैल तरी खाली बसते. तू याच्यावरून उतरलीस कशी?"

जयानं पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला. कशी उतरले? चढणं तिनं हजारदा आठवलं होतं. पत्र्याचा आवाज, रंगवलेली शिंगं, आजीची हनुवटी… उतरणं कधीच नाही. गाणं संपल्यावर एकदम गाडीच्या आतच, मागच्या सीटवर, असंच तिच्या डोक्यात होतं. पण कोणीतरी उतरवलं असणारच. उतार घसरडा, अंगावर एवढं ओझं. खांदा होता. हो, खांदा, पांढऱ्या सदऱ्याचा, घामानं ओला; तिनं त्याला धरलं होतं, आणि मागून याडी, तिची आई जमनी, रडता रडताच ओरडली होती, अहो, पत्रा बसला! आणि तो खांद्याचा माणूस, बाच तो, दुसरा कोण असणार, वर तिच्याकडे बघत म्हणाला होता… उतरू नको इतक्यात. पत्रा बसू दे. तू पुरतं गा.

म्हणाला होता? की आत्ता, या चढावर, मीच ते त्याच्या तोंडी घातलं? सदरा तर दिसतोय. आवाज मात्र पकडायला गेलं की इंजिनात मिसळतो. याडी नाही, आजी नाही, विचारायला कोणी उरलं नाही. लखन तेव्हा एवढासा. उद्या कदाचित हेही हातून निसटेल आणि जुनं ‘राहू दे’ तेवढं शिल्लक राहील, जसंच्या तसं, दोन्हीकडून वाचता येणारं.

"बानं उतरवलं," ती मोठ्यानं म्हणाली. वर्षानं मान हलवली, जणू तेवढंच हवं होतं. मग विचारलं, काय गायलीस? जया म्हणाली, सांगते, चढ संपू दे.

चढ संपत आला. काटा अजून खालीच होता. घरी लखन ओसरीवर असेल, बोलणार नाही, किंवा फार बोलेल. रविवारी गाडी मांडवात जाईल की अंगणातच राहील, तिला माहीत नव्हतं. आपण कुठं उभं राहू तेही नाही. पाहुणे येतील. चहा घेता घेता एखादा हेरल्डभोवती फिरेल, जुन्या गाडीभोवती माणसं फिरतातच, वाकेल, पत्र्यावर बोट ठेवेल. इतकी वर्षं त्या बोटाच्या भीतीनं ती गाडी लिंबाखाली तोंड भिंतीकडे करून लावत आली होती. विचारतील, लखन म्हणाला होता. आणि आता स्टिअरिंग धरून बसलेल्या जयाला मनापासून वाटलं की कोणीतरी विचारावं.