टब मी निवडणार

"आंघोळ मी घालणार, विषय संपला," असं सासूबाईंनी नातीच्या, ठकीच्या, जन्माच्या वेळीच जाहीर केलं होतं, आणि पाच महिने त्या शब्दाला जागल्या होत्या. कारण काय, तर सुनेचा उजवा हात. लहानपणापासून लुळा, बोटांत जोर म्हणून नाही. लायब्ररीत ती दिवसभर डाव्या हाताने पुस्तकांच्या चळती हलवायची, तिथे कुणाचं काही अडलं नाही. पण पोटच्या पोरीला साबण लावायचा म्हटलं की घरादाराला कापरं भरायचं. आई असून रोज टॉवेल घेऊन दारात उभी! शेवटी तिचं डोकंच फिरलं.

"टब मी निवडणार," ती म्हणाली. "आणि त्यात आंघोळही मीच घालणार."

"घाल की! दुकानात माझ्या डोळ्यांदेखत जमवून दाखव, मग रोज घाल. नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

"कबूल."

नवरा ना आईच्या बाजूचा ना बायकोच्या. ठकीला कडेवर घेऊन तो मुकाट मागून चालू लागला.

दुकानातल्या बाईने सुनेचा हात पाहिला आणि लगबगीने आंघोळीची खुर्ची काढली. खाली रबरी चकत्या, पुढे कडं, पायांसाठी दोन भोकं. "यांच्यासाठी हीच. बाळ बसवलं की धरायलाच नको."

"बघ, झाली सोय," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने दुकानातली शोभेची बाहुली घेतली, तिला साबण चोपडला आणि खुर्चीत बसवली. मग एका हाताने उचलायला गेली, तर बाहुलीबरोबर खुर्चीही वर आली. पाय भोकांत अडकलेले.

"पोर कलंडली, तर हिला काढू कशी? दातांनी?" ती म्हणाली. "आणि धरायला नको काय म्हणता? मला धरायचीच आहे."

मग तिने सरळ जमिनीवर बैठक मारली. एकेक टब पुढ्यात ओढायचा, डाव्या हाताने आपला उजवा हात उचलायचा आणि टबावर आडवा ठेवून बघायचा. एक फार रुंद निघाला, हात काठापर्यंत पुरेना. दुसऱ्याची पाठ इतकी उभी, की बाळ निजणार कसं? चार गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"अगं, लोक बघतायत," नवरा कुजबुजला.

"बघू देत. तिकीट थोडंच लावलंय!"

ढिगाच्या तळाशी एक साधा टब होता. उथळ, पाठीला उतार, मध्ये बाळ घसरू नये म्हणून उंचवटा. त्याच्या दोन्ही काठांवर तिचा हात आडवा विसावला.

"हा. आता कोमट पाणी द्या."

दुकानातल्या बाईने चहाच्या किटलीत पाणी तापवलं, गार पाण्यात मिसळलं. सुनेने टॉवेल स्वतःच्या गळ्यात अडकवला, कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि नवऱ्याने झबलं उतरवून दिलेल्या ठकीला उतारावर निजवली. मग तो लुळा हात उचलून ठकीच्या काखांखालून छातीवर आडवा ठेवला. ठकीने पाय झाडले, सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवलं. हात जागचा हलला नाही. त्यात जोर नव्हता, पण वजन होतं, आणि तेवढं पुरत होतं. डावा हात मोकळा झाला, गळ्याच्या वळ्यांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत फिरायला लागला. पाच महिने जे अंग तिने फक्त पुसलं होतं, ते आता तिच्या बोटांखाली साबणाने बुळबुळीत झालं होतं. तिला रडू आलं, पण तिने हात थांबवला नाही.

सासूबाई पुढे वाकल्या. "अगं, घसरेल!"

"हात मागे घ्या, आई." या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. "घसरली तर मी धरीन. मी बसलेय ना इथे!"

सासूबाईंनी हात मागे घेतला.

सुनेने डावा हात ठकीच्या मानेखाली सरकवला, पलीकडची काख पकडली आणि पोरीला उचलून गळ्यातल्या टॉवेलात घेतली. ठकी तिच्या खांद्यावर निथळत राहिली.

सासूबाईंनी नातीला नीट न्याहाळलं. "कानामागे साबण राहिलाय," त्या म्हणाल्या.

"राहिला असेल. पहिलीच आंघोळ आहे माझ्या हातची. घरी गेल्यावर मीच काढीन."