इलाच्या जागी आजी

मार्च अर्धा सरला तरी उत्तर अमेरिकेतल्या नोव्हाय गावी घरापुढचा बर्फ हलायचं नाव घेईना, तेव्हा हिमानीने शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीसाठी फ्लोरिडाची तिकिटं काढून टाकली. जायचं कारण एकच होतं. नऊ वर्षांच्या इलाला डॉल्फिनबरोबर पोहायचं होतं. दोन वर्षं तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. उशीवर डॉल्फिन, दप्तरावर डॉल्फिन, आणि सहा महिन्यांसाठी अमरावतीहून आलेल्या आजीला रोज जेवताना डॉल्फिनची एक नवी माहिती. डॉल्फिन एक डोळा उघडा ठेवून झोपतो, हेही सुलभाताईंना तिच्याकडूनच कळलं.

"म्हणजे आमच्या शाळेच्या शिपायासारखा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मुलाला, देवदत्तला, जोराचा ठसका लागला.

सुलभाताईंनी एकतीस वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलताना त्यांचे हात तोंडाच्या आधी सुटायचे. समोरच्याला नीट ऐकू येतंय, हे हातांना अजून पटलेलं नव्हतं. सून हिमानीशी त्यांचं बरं होतं, पण दोघी एकमेकींशी जरा बेतानेच वागायच्या. हिमानी प्रत्येक गोष्ट आधी ठरवायची. सुलभाताई त्यात ढवळाढवळ करायच्या नाहीत. याही वेळी सगळं ठरलेलं होतं. महिन्यापूर्वी बर्फावरून घसरलेल्या देवदत्तच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून त्याने काठावरून व्हिडिओ काढायचा. हिमानी कॉलेजात असताना पोहण्याच्या स्पर्धा जिंकलेली, तेव्हा इलाबरोबर ती पाण्यात उतरणार. आणि आजीने सावलीत बसून शब्दकोडं सोडवायचं.

समुद्राचाच एक तुकडा जाळीने अडवून तिथे मोठं तळं केलं होतं. पाणी हिरवंगार, काठाला लाकडी धक्का, धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. डाना नावाची प्रशिक्षक मुलगी सगळं समजावून सांगत होती आणि लाइफ जॅकेट घातलेली इला शहाण्यासारखी मान डोलवत होती. इतक्यात पायरीपाशी पाणी फुगलं, "फूस्स" करून श्वास सुटला आणि पर्ल नावाची डॉल्फिन वर आली. चांगली आठ फुटांची, करडी, चकचकीत. तिने तोंड उघडलं. आत दातांची लांबलचक रांग.

इला तीन पावलं मागे सरकली.

"आय कान्ट," ती म्हणाली. "ती खूप मोठी आहे. आय ॲम नॉट गोइंग."

"अगं, मी आहे ना बरोबर!" हिमानी म्हणाली.

"यार इला, दोन वर्षं तू हेच..." देवदत्तने सुरुवात केली.

"नो!" इलाच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

सुलभाताईंनी कोड्यांचं पुस्तक मिटलं. "तिला ओढू नका रे. अजून पळून गेलेली नाही ना? बघतेय ती."

डानाही म्हणाली की जबरदस्ती कुणालाच नाही. मग तिने सहज विचारलं, एक जागा रिकामी झाली आहे, दुसरं कुणी येणार का?

इलाने आजीकडे बघितलं. "आजी, यू गो. तू जा आणि मग मला सांग."

सुलभाताईंना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या, तेही साडी वर खोचून. पण शाळेत नवं मूल आलं आणि कानातल्या मशीनला बघून रडायला लागलं, की त्या ते मशीन आधी स्वतःच्या कानात घालून दाखवायच्या. मूल रडणं थांबवून बघत राहायचं. त्याहून चांगला उपाय त्यांना एकतीस वर्षांत सापडला नव्हता.

"कुठे बदलायचे कपडे?" त्यांनी विचारलं.

रबरी पोशाख अंगात चढवायला वीस मिनिटं आणि हिमानीची सगळी ताकद लागली. "आई, श्वास घ्या... आता सोडा... नका, नका सोडू!" चेन वर गेली तेव्हा दोघी घामाघूम झाल्या होत्या. आरशात बघून सुलभाताई म्हणाल्या, "मलाच मासे टाकतील आता." हिमानी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

पाणी वाटलं होतं त्याहून गार निघालं. शेवटच्या पायरीनंतर पायाखाली काहीच नव्हतं. सुलभाताईंनी हिमानीचं मनगट असं गच्च धरलं की बांगडी असती तर फुटलीच असती.

"आई, मी धरलंय तुम्हाला. मान ढिली सोडा. जॅकेट तरंगवतं, आपण नुसतं पडून राहायचं."

सुनेने आपल्याला काही शिकवावं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होत होतं. सुलभाताईंनी मान सोडली. आणि काय आश्चर्य, त्या बुडाल्या नाहीत! कानांत पाणी गुळगुळलं, वर निळं आभाळ डुललं, आणि डाव्या हाताखालून काहीतरी सावकाश सरकत गेलं. भरताच्या ताज्या वांग्यासारखं घट्ट आणि गुळगुळीत. पर्लचा एक डोळा त्यांच्याकडे रोखलेला होता. वर्गात पहिल्या बाकावरचं मूल बघतं ना, आता बाई काय करणार म्हणून, तसा.

त्यांना इतका आनंद झाला की त्या धक्क्याकडे वळल्या आणि जुन्या सवयीने दोन्ही हात उंचावून इलाला खुणेने सांगू लागल्या. केवढी मोठी, पण किती गोड!

पर्ल पाण्याखाली गेली. क्षणभर काहीच नाही. मग तळ्याच्या मधोमध पाणी फुटलं, पर्ल माणूसभर उंच हवेत उडाली आणि अशी आपटली की धक्क्यावरचा देवदत्त, त्याची टोपी आणि प्लास्टरवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, सगळं निथळायला लागलं.

"उडीची खूण कुणी केली तिला?" डाना ओरडली.

सुलभाताईंचे हात अजून वरच होते.

"मी नातीशी बोलत होते!" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तिला काही बोलू नका, चूक माझी आहे. आधी तिचा मासा द्या."

पर्ल खरोखरच डानासमोर तोंड उघडून उभी होती. डानाला हसू आवरेना. मासा देऊन झाल्यावर तिने विचारलं, हातांनी असं बोलायला कुठे शिकलात? सुलभाताईंनी शाळेचं सांगितलं. डाना म्हणाली, मग तुम्हाला मी काय शिकवू! आणि तिने एक खूण दाखवली. तळहात सरळ धरायचा, मग बोटं दोनदा मिटायची. सुलभाताईंनी ती केली. पर्लने डोकं वर काढून लांबलचक शीळ घातली.

"आजी!" धक्क्यावरून आवाज आला. इला कधीतरी दोन पायऱ्या खाली आली होती. "ती माझ्याकडे पण बघते?"

"बघतेय की. तू पण तिच्या तोंडाकडे बघ. हात शांत ठेव, म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही. घाई नाहीये."

इला पायरीवर बसली. पाय पाण्यात सोडले. डानाने हात केला तशी पर्ल येऊन पायरीला समांतर, अगदी निवांत पडून राहिली. इलाने एक बोट लावलं. मग चार. मग तिने हिमानीकडे बघून म्हटलं, "ममा, मी येते. पण मध्ये. तुम्हा दोघींच्या मध्ये."

शेवटची दहा मिनिटं ती मध्येच होती. एका बाजूला हिमानी पाय मारून तिघींना तोलत होती, दुसऱ्या बाजूला सुलभाताई नुसत्याच तरंगत होत्या. पर्ल त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होती. एकदा ती इतक्या जवळून गेली की तिचा श्वास तिघींच्या तोंडावर उडाला. त्याला माशांचा सणसणीत वास होता.

"आजी, ती मला हसली!" इला आनंदाने किंचाळली.

दुपारी रस्त्याकडेच्या एका छोट्या खाणावळीत चौघं जेवायला बसले. इलाने फ्राइजची दुसरी प्लेट मागवली आणि ती घेऊन आलेल्या बाईंना सगळी हकीकत ऐकवली. डॉल्फिन किती मोठी होती, दात किती होते, उडी किती उंच मारली.

"आणि तुला भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं.

"नोप," इला म्हणाली. "मी फक्त आजीला आधी टर्न दिला."

देवदत्तने तोंड उघडलं. टेबलाखालून त्याच्या पायावर एकदम दोन लाथा बसल्या, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. त्याने निमूटपणे केचप पुढे सरकवलं. सुलभाताई आणि हिमानी एकमेकींकडे न बघता आपापल्या ताटात हसत राहिल्या.